नुसता कंस करायचाय

"यात नवीन काही नाही ताई, नुसता कंस करायचाय."

तलाठी भाऊसाहेबांनी आमचे कागद वरून खाली एकदा पाहिले आणि दोन मिनिटांत निकाल सांगितला. कागदोपत्री ते आता ग्राम महसूल अधिकारी. 2024 ला सरकारनं पदाचं नाव बदललं, गावानं अजून बदललेलं नाही. वडील 2018 साली गेले तेव्हाच आई, दादा, मी आणि धाकटी अशी चार नावं सातबाऱ्यावर लागली होती. आता आई गेली. वारस आम्हीच तिघं, आणि आमची नावं आधीपासून आहेतच. म्हणजे नवं नाव कोणाचं लावायचं नव्हतं, एक काढायचं होतं. सातबाऱ्यावरचं नाव पुसत नाहीत. त्याला दोन्हीकडून कंस घालतात, शेजारी फेरफाराचा, म्हणजे नोंद बदलल्याचा नंबर टाकतात, आणि अलीकडच्या नमुन्यात कंसातल्या नावावर आडवी रेघही येते.

या नुसत्या कंसाला ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबर उजाडला.

सुरुवात ग्रामपंचायतीत झाली. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. दादा दशक्रियेच्या धावपळीत होता, म्हणून मी गेले. नोंदीच्या अर्जात मयताचा व्यवसाय विचारतात. कॉम्प्युटरवरचा मुलगा माझ्याकडं न बघता म्हणाला, "व्यवसाय... गृहिणी टाकतो."

"शेती टाक."

"काकू कुठं कामाला जायच्या का?"

"घरच्याच शेतात."

"मग गृहिणीच की ताई."

त्याच्यावर रागवावं असंही वाटेना. हा मुलगा शाळेत असताना सुट्टीत आमच्याकडं कांदे लावायला यायचा. त्याच्या वाफ्याला रोप कमी पडलं की आई आपल्या मुठीतलं काढून त्याच्यापुढं टाकायची. मी तिथंच उभी राहिले, मग त्यानं शेती टाकलं. दाखला हातात आला तेव्हा पाहिलं, तर त्यावर व्यवसाय छापूनच येत नाही. तो रकाना आकडेवारीसाठी वर जातो. भांडून मिळवलेलं आईचं पद कुठल्यातरी बेरजेत जमा झालं.

वयाचाही घोळच. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी 1955. आमच्या भागात त्या पिढीच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस 1 जानेवारीलाच येतो. आई स्वतःचं वय बाहत्तरच्या दुष्काळावरून सांगायची. तेव्हा ती तेरा-चौदाची होती आणि खडी फोडायला जायची. म्हणजे ती कागदावर सत्तरची होऊन गेली आणि खरी असेल सदुसष्टची. तीन वर्षांचा हिशोब कुणाकडं मागायचा?

खरी अडचण नावानं केली. आईची नावं मी इथं लिहीत नाही, तिचं नाव असं चारचौघांत आलेलं तिला आवडलं नसतं. पण तिला चार नावं होती. माहेरचं एक. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं दुसरं. रेशनकार्डावर त्याच दुसऱ्याला कुणीतरी 'बाई' जोडलेलं. आणि सातबाऱ्यावर त्या 'बाई'तली ई ऱ्हस्व होऊन मधे एक अक्षर गळालेलं. मृत्यूच्या दाखल्यावर आधारप्रमाणं नाव, सातबाऱ्यावर गळक्या अक्षराचं. भाऊसाहेब म्हणाले, "दाखल्यावरची बाई आणि उताऱ्यावरची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र लागेल."

उताऱ्यावर तिच्या नावापुढं 'भ्र.' आणि मग वडिलांचं नाव होतं. मी विचारलं, हे भ्र. काय? "भ्रतार." त्यांनी वर न बघता सांगितलं. म्हणजे नवरा. दादा त्या उताऱ्याच्या झेरॉक्स काढून पीककर्जाच्या सोसायटीत देत आला होता, मीही अनेकदा तो हातात धरला होता. त्या एका अक्षरावर आमची नजर कधी थांबली नव्हती.

नावाचा जुना पुरावा मिळतो का म्हणून तिची पत्र्याची पेटी उघडली. चावी वहिनीकडं होती. म्हणजे आई शेवटी कुणावर विसंबून होती ते आम्हा बहिणींना तिथंच कळलं. आत वडिलांची एक टोपी, दूध डेअरीची जुनी कार्डं, आम्हा तिघांच्या शाळेच्या पावत्या, आणि तळाला रुमालात गुंडाळलेला शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला.

तो बिल्ला 1986 चा. नोव्हेंबरात चांदवडला संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. आमचं गाव तिथून वीसेक किलोमीटर. गावातल्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेल्या, फडक्यात भाकरी आणि ठेचा. धाकटी तेव्हा दोन वर्षांची, ती आईच्या कडेवर. मी पाच वर्षांची, मला आजीजवळ ठेवलं म्हणून मी दोन दिवस रडले, एवढंच मला आठवतं. आई भाषणांबद्दल फार सांगायची नाही. बायांची गर्दी एवढी की माती दिसत नव्हती, एवढं सांगायची, आणि परत येताना ट्रॉलीत कुणी झोपलं नाही, सगळ्या बोलतच होत्या, हे मात्र दरवेळी सांगायची.

पुढं संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. नवऱ्यानं आपल्या जमिनीत बायकोचं नाव लावायचं. ज्या गावात शंभर घरांनी लावलं ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. 1992 ला सरकारनंही परिपत्रक काढलं की नवऱ्यानं नुसता अर्ज दिला तरी बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागेल. वडील स्वतः बिल्लेवाले, रास्ता रोकोला जाऊन आलेले. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "करू की." कांदा निघाल्यावर करू. विहिरीचं काम झाल्यावर करू. मग दादाचं लग्न. वडील वाईट नव्हते. तिच्या हातावर पैसे आणून ठेवणारे, तिला विचारल्याशिवाय बैल न विकणारे माणूस होते. पण त्या एका अर्जाला त्यांना सव्वीस वर्षांत सवड झाली नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं ते विधवा म्हणून.

1 हेक्टर 42 आर. साडेतीन एकर. त्या उताऱ्याच्या खालच्या अर्ध्यात, म्हणजे बारा नंबरात, हंगाम, पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन सगळं असतं. उन्हाळ कांदा, मका, थोडा गहू. ते खुरपलं कुणी, याला रकाना नाही.

त्याच पेटीत, कागदांखाली, डालड्याचा जुना डबा निघाला. त्यात उळं.

उळं म्हणजे कांद्याचं बी. हे सांगायला हवं, कारण आईला ज्यात गती होती ते हेच. आता बहुतेक लोक बी दुकानातून आणतात, दादाही मधे दोन वर्षं आणायचा. आई घरचंच धरायची. एप्रिलमध्ये कांदा चाळीत भरतानाच तिची निवड सुरू व्हायची. बारीक मानेचा, मध्यम, गोल, रंगाला एकसारखा कांदा ती पाटीत वेगळा काढायची. पावसाळाभर चाळीत जो सडला नाही, ज्याला कोंब आला नाही, तो पास. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यातला एकेक कांदा वरून कापून बघायची. आत एकच डोळा असेल तर ठेवायचा, दोन दिसले तर तो भाजीला. "जोडाचं बी जोडच देतं," म्हणायची. मग विहिरीच्या कडेच्या तुकड्यात हे निवडलेले कांदे, म्हणजे डोंगळे, लावायचे. फेब्रुवारीत त्यांना गोंडे फुलले की तिथं मधमाश्यांचा असा गुंजारव चालायचा की पंप चालू आहे की बंद ते कळायचं नाही. त्या दिवसांत दादाला फवारा उचलायची बंदी. माशी आली नाही तर बी भरत नाही, हे तिला कुण्या कृषी सहायकानं सांगितलेलं नव्हतं.

गोंडे काढायची वेळ तिची तीच ठरवायची. गोंड्यावर काळे दाणे डोकवायला लागले की दवातच, सकाळी सहाच्या आत, आम्हाला उठवायची. उन्हात काढलं तर बी जमिनीवर सांडतं. सगळे गोंडे एकदम पिकत नाहीत, म्हणून तीन-चार सकाळी जावं लागायचं. मी कातरीनं कापायचे, धाकटी ओचा धरायची. मग सावलीत वाळवणं, हातानं चोळणं, पाखडणं. चोळून चोळून तिच्या तळव्यांना कांद्याचा वास बसायचा आणि तो साबणानं जायचा नाही. मला दहावीत याची लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या की मी तिला हात धुऊन ये म्हणायचे, आणि ती खरंच जाऊन धुऊन यायची.

डब्यात साधारण चार किलो उळं होतं, याच एप्रिलचं. तिच्या हातचं शेवटचं. कांद्याचं बी गव्हा-बाजरीसारखं टिकत नाही. घरात ठेवलेलं वर्षभरानं निम्मंसुद्धा उगवत नाही. म्हणजे हे याच हंगामात टाकायचं, नाहीतर सोडून द्यायचं. वहिनी म्हणाली, "दिवाळीनंतर टाकू, तुम्ही दोघी असताना." डबा परत पेटीत गेला.

अर्ज केला सप्टेंबरच्या मध्यावर. वारस नोंद तीन महिन्यांच्या आत कळवायची असते, म्हणून घाई. ई-हक्क या सरकारी वेबसाइटवरून घरबसल्या अर्ज होतो. घरबसल्या म्हणजे तालुक्याला कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात बसल्या, तीन वेळा. मृत्यूचा दाखला, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा, सगळ्या वारसांची नावं, नाती आणि पत्ते लिहिलेलं स्वयंघोषणापत्र, आमचे आधार, आणि ते दोन बाया एकच असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र. पहिल्यांदा सर्व्हर बंद. दुसऱ्यांदा फाईल मोठी झाली. तिसऱ्यांदा गेला. कुणी करणार असेल तर एक सांगते, प्रत्येक कागदावरचं नाव आधीच अक्षर न् अक्षर ताडून बघा. आमचा महिना तिथं गेला.

मग पाऊस. 2025 चा सप्टेंबर महाराष्ट्रात कुणी विसरणार नाही. आमच्याकडं मका पाण्यात, लाल कांद्याची रोपं वाफ्यातच पिवळी. भाऊसाहेब पंचनाम्यांना गावोगाव. आमच्या बांधावरही ते गुडघाभर चिखलात आले, मोबाईलवर फोटो काढले. दादानं मधेच फेरफाराचं विचारलं तेव्हा त्यांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं. मला पुण्यात फोनवर हे सांगताना दादा हसत होता. "बाई असती तर तिनं आधी त्यांना चहा पाजला असता," तो म्हणाला. आम्ही तिला बाईच म्हणायचो.

ऑक्टोबरात नोटीस निघाली. हरकतीला पंधरा दिवस. चावडीवर लागलेली ती नोटीस दादानं व्हॉट्सॲपवर पाठवली, आणि मला एप्रिल आठवला.

एप्रिल 2025 ला सरकारची 'जिवंत सातबारा' मोहीम होती. मेलेल्या खातेदारांची नावं उताऱ्यांवर तशीच राहिलेली, त्यांचे वारस लावायचे. त्यासाठी गावोगाव चावडी वाचन झालं. मी त्या दिवशी गावात होते. आई आणि मी दळण घेऊन येत होतो, चावडीपाशी थांबलो. भाऊसाहेब एकेक नाव वाचत होते आणि पारावरचे म्हातारे सांगत होते, हा गेला, ही गेली, ह्याची पोरं सुरतला. आई डोक्यावरचा डबा न उतरवता ऐकत उभी. एक नाव आलं, तिच्या लागवडीच्या टोळीतल्या मैत्रिणीचं. मैत्रीण जाऊन अकरा वर्षं झालेली. आई म्हणाली, "बघ, सरकारात ती अजून आहे." तिच्या बोलण्यात दुःख नव्हतं, जरा कौतुकच होतं. ऑगस्टमध्ये तीच गेली, झोपेत, आदल्या सांजेला दोन्ही गायींची धार काढून.

नोटिशीच्या त्या पंधरा दिवसांत हरकत कोणी घेतली नाही. बोलले मात्र पुष्कळ. चुलत्यांनी दादाला सांगितलं, कंस होतोच आहे, तर लगोलग बहिणींचं हक्कसोडही करून घे. हेच त्यांनी 2018 मध्येही सांगितलं होतं. तेव्हा आई पदर सावरून मधल्या खोलीतून बाहेर आली होती. दिराशी ती सहसा बोलायची नाही. ती म्हणाली, "पोरींनी लावलंय, पोरींनी काढलंय. नाव ऱ्हाऊ द्या. नाव काय खातं का पितं?" आणि आत गेली. तिच्या आयुष्यातलं जाहीर भाषण म्हणाल तर एवढंच.

भाऊबिजेला आम्ही दोघी गेलो. ओवाळून झालं. जेवणं झाल्यावर दादानंच विषय काढला, आणि तो चुलत्यांसारखं बोलला नाही. म्हणाला, दरवेळी पीककर्जाला तुमच्या सह्या लागतात. तू पुण्यात, ती सुरगाण्याकडं. मागच्या वर्षी तुझ्या सहीपायी माझे बारा दिवस गेले, व्याज मी भरलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी हक्काची भाषा मनात जुळवून आले होते, ती तिथं बोलायला बरी वाटेना. 1956 चा कायदा आईच्या मिळकतीत मुलामुलींना सारखा वाटा देतो, हे मला पाठ आहे. पण त्या साडेतीन एकरावर पहाटे दोनला लाईट आल्यावर पाणी भरायला दादा जातो, मी जात नाही, हेही मला माहीत आहे.

धाकटी सरळ बोलली. "सह्यांचं म्हणशील तर दर हंगामाला मी येऊन बसेन. नाव नाही काढणार." दादा थोडा वेळ सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "बरं." ते समजून म्हणाला की कंटाळून, मला अजून सांगता येणार नाही. वहिनीनं मधेच विचारलं, "उळं कधी टाकायचं?" आणि आम्ही सगळेच त्या प्रश्नाकडं धावलो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाफसा आला. दादानं गादीवाफे करून दिले. आई बोटानं रेघा ओढायची, वीतभर लांब, त्यात चिमटीनं बी सोडायची, वरून चाळलेलं शेणखत. बी खोल गेलं तर रुसतं, वर राहिलं तर मुंग्या नेतात. मी ऑफिसातून चार दिवसांची रजा काढली होती. गुडघ्यांवर बसून दोन वाफे मी केले. पाठ मोडली. धाकटीचा हात बरा होता. वहिनीचा अगदी आईचा, चिमटीतून बी गळताना दिसायचंच नाही.

त्याच दिवशी दुपारी भाऊसाहेबांचा फोन. मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला, उतारा ऑनलाईन आलाय. शाळेतल्या भाच्यानं सायकलवर जाऊन प्रिंट आणली. हात मातीचे म्हणून आम्ही कुणी कागद धरेना, त्यानंच तो आमच्यासमोर धरला. चार नावं. वरचं कंसात, त्यावर रेघ, शेजारी नंबर. गळालेलं अक्षर गळालेलंच. त्या रेघेखालून 'भ्र.' मात्र अजून वाचता येत होतं.

दादानं विचारलं, "क्षेत्र बरोबर आहे का बघ." भाच्यानं वाचलं, एक हेक्टर बेचाळीस आर. बरोबर होतं. त्यानं कागद घरात नेला आणि आम्ही राहिलेल्या वाफ्यावर पाणी मारलं.

मी पुण्याला आले. नवव्या दिवशी वहिनीचा फोन. उगवण चांगली आहे म्हणाली, हिरवी सुई सगळीकडं वर आलीय. मग जरा थांबून, "विहिरीकडच्या दोन वाफ्यांत विरळ आहे. ते तुम्ही टाकलेले."